अल्बस, अल्बा की अल्बम?

प्रश्न : हिवाळ्यात नवेगावबांधला पक्षी बघायला जातो. पुस्तकात पांढऱ्या धोब्याचं शास्त्रीय नाव ‘मोटासिला अल्बा’, मोठ्या बगळ्याचं ‘कास्मेरोडियस अल्बस’ आणि चंदनाचं ‘सँटलम अल्बम’ दिसतं. तिन्हीकडे अर्थ ‘पांढरा’च, मग शेवट वेगळे का? छपाईच्या चुका आहेत का?
– एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : चूक एकही नाही. आपण पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरं वासरू म्हणतो, तेच लॅटिनमध्ये चाललं आहे. मराठीसारखीच तिथंही तीन लिंगं: अल्बस पुल्लिंगी, अल्बा स्त्रीलिंगी, अल्बम नपुंसकलिंगी. गोंदियाच्या बाजारातली हिंदी दोनच लिंगांवर भागवते. हे कोडं सोडवायला मराठीच बरी.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि तो नाम असतो. दुसरा शब्द विशेषण असेल, तर त्यानं पहिल्याच्या लिंगाप्रमाणे चालायचं, असा नियम आहे. मोटासिला स्त्रीलिंगी, म्हणून अल्बा. सँटलम नपुंसकलिंगी, म्हणून अल्बम. ‘अल्बा’ म्हणजे मादी, असा समज मात्र करून घेऊ नका. धोब्याचा नरही अल्बाच. लिंग शब्दाचं आहे, पाखराचं नाही.

बगळ्याची गंमत पुढे आहे. निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसनं 1758 मध्ये त्याला ‘आर्डिया अल्बा’ म्हटलं. पुढे काहींनी त्याला कास्मेरोडियस या पुल्लिंगी प्रजातीत नेलं, तेव्हा तो अल्बस झाला. आता तो पुन्हा आर्डियात आहे, म्हणून नव्या पुस्तकांत परत अल्बा. घर बदललं, प्रत्यय बदलला. पिसं होती तशीच.

आता ‘-अस’ दिसलं की पुल्लिंग, असं ठरवून टाकाल तर तुतीपाशी अडाल. तिचं नाव ‘मोरस अल्बा’. रोमन लोक बहुतेक झाडं स्त्रीलिंगी मानत, शेवट काहीही असो. चिंचही त्याच न्यायानं ‘टॅमरिंडस इंडिका’. यात नवल नको. आपल्याकडे तरी पांढरा पक्षी, पांढरी पट्टी आणि पांढरं दही या तिन्ही नामांच्या शेवटी ‘ई’च आहे ना?

आणि गोंदियाचा लाडका सारस? तो आधी ‘ग्रस अँटिगोनी’ होता, आता ‘अँटिगोनी अँटिगोनी’ आहे. दुसरा शब्द विशेषण नाहीच, ग्रीक पुराणकथेतल्या एका स्त्रीचं नाव आहे. त्यामुळे सारसाला कुठल्याही प्रजातीत नेलं, तरी तो शब्द जसाच्या तसा राहतो.