शोधनिबंध मोजू नका, पारखा

गंगाखेडमधल्या मुलीने ‘मला सागरी परिसंस्थांवर संशोधन करायचंय’ असं म्हटलं, की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. इथून समुद्र कुठे? आणि शोधनिबंध लिहून पोट भरतं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर अदिती पंत यांच्याकडे पाहून मिळतं. जन्म १९४३चा, नागपूरचा. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. करताना अलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ हे पुस्तक वाचनात आलं आणि दिशा ठरली. पुढे हवाई आणि लंडनमध्ये शिक्षण, सागरी शैवालांवर संशोधन आणि मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. १९८३-८४च्या मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर पोचल्या. तिथे गेलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ याच दोघी.

वाट कशी आहे?

प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. इथल्याच परिसरात करता येते. एम.एस्सी.साठी गोवा विद्यापीठ, कोचीनचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, अन्नामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र हे पर्याय पाहावेत. मत्स्यविज्ञानाची आवड असेल तर उदगीरचं महाविद्यालय जवळच आहे. पदवीच्या काळात गोदावरीतल्या प्लवकांचा छोटा प्रकल्प जरूर करावा. नमुना घेणं, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणं, नोंदी ठेवणं ही शिस्त नदीवरही तीच असते.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर २०२३पासून महिना ३७ हजार रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता. वरिष्ठ टप्प्यात ४२ हजार. म्हणजे पीएच.डी.चा खर्च घरावर पडत नाही. मात्र छात्रवृत्ती म्हणजे नोकरी नव्हे. शास्त्रज्ञांच्या कायम जागा थोड्या असतात. प्राध्यापकी, मत्स्यव्यवसाय विभाग, कांदळवन संवर्धन, बंदर प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल हे मार्गही आधीपासून डोळ्यांसमोर असू द्या.

सायटेशनचं गणित

या क्षेत्रात संशोधकाची पत त्याच्या शोधनिबंधांवर ठरते, पण निव्वळ संख्येवर नाही. दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात त्या कामाचा आधार घेतला, की एक सायटेशन जमा होतं. जॉर्ज हिर्श यांनी २००५मध्ये सुचवलेला एच-इंडेक्स निबंधांची संख्या आणि सायटेशन्स या दोन्हींचा मेळ घालतो: किमान ९ निबंधांना प्रत्येकी किमान ९ सायटेशन्स असतील, पण दहांना प्रत्येकी दहा नसतील, तर निर्देशांक ९. चाळीस निबंध असूनही कुणीच आधार घेतला नसेल, तर तो शून्यच राहतो.

हा आकडाही डोळे झाकून मानू नये. तो वयाबरोबर वाढतो, त्यामुळे तरुण संशोधकाची तुलना निवृत्तीला आलेल्याशी करणं अन्यायाचं. वैद्यकशास्त्राच्या मानाने सागरी परिसंस्थांचं क्षेत्र लहान, म्हणून आकडेही लहान. स्वतःच स्वतःच्या कामाचे दाखले देऊन तो फुगवता येतो. आणि ज्या खारफुटीच्या अहवालावरून वन विभागाने निर्णय घेतला, तो या हिशेबात दिसेलच असं नाही.

पैसे भरा, आठवड्यात निबंध छापू, असं सांगणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. काही चांगली नियतकालिकंही शुल्क घेतात, पण तज्ज्ञांकडून परीक्षण झाल्याशिवाय छापत नाहीत. फरक तिथे आहे.

पालकांनी एवढं करावं: मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांचे गेल्या पाच वर्षांतले निबंध मुलीसोबत पाहा. त्यांत विद्यार्थ्यांची नावं पुढे आहेत का? त्या कामाचा आधार बाहेरचे लोक घेतात का? त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील, तर समुद्र लांब आहे म्हणून मुलीला अडवू नका.