बांधलेलं इंजिन वाजतंय, तर आधी ऐक

अगं, परवा फोनवर तुझ्यापेक्षा तुझी गाडीच जास्त बोलत होती! सोनारीतनं परंड्याला जाऊन इंजिनाचं सगळं काम करून आणलंस, आता खटखट ऐकू येते म्हणून जीव खालीवर. मिस्त्री म्हणतो, “नवीन काम हाय, बसंल हळूहळू.” त्यातलं निम्मं खरं आहे. नव्या रिंगा नव्या बोअरला घासून बसायला वेळ घेतात. तोवर थोडा धूर येईल, इंजिन जरा जास्त तापेल, पिकअप आवळल्यासारखा वाटेल. पण रिंगा ठोका देत नाहीत. ठोका देणारी वस्तू किलोमीटर वाढवून दुरुस्त होत नसते.

म्हणून लगेच परत उघडायलाही देऊ नकोस. आधी आवाज कधी येतो ते बघ. उद्या सकाळी, उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, गार इंजिनाला किक मार. ओढणी नीट खोचून घे, केस बांध, आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धर. मिस्त्री असंच ऐकतात, त्यात लाजायचं काय? फिरत्या भागापासून आणि तापलेल्या सायलेन्सरपासून हात तेवढा लांब ठेव.

वर, हेडपाशी, बारीक टिकटिक येत असेल तर बहुतेक टॅपेट. इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक टिक, म्हणून ती इंजिनापेक्षा सावकाश वाटते. ही फारशी भिण्यासारखी नाही. हेडचे नट नव्या पॅकिंगवर बसले की गॅप बदलतो, म्हणून काही दिवसांनी टॅपेट परत बघावेच लागतात. मात्र गार इंजिनावर आणि फिलर गेज घालून. “आवाज येतोय ना, आवळून टाकतो” असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबव. जास्त आवळलेला टॅपेट अगदी गप्प असतो, पण व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि जळतो. मग गरम गाडी किकला दाद देत नाही. मला तर टिकटिकीपेक्षा ही शांतता जास्त नडेल असं वाटतं.

त्याच आवाजाचं सोंग सायलेन्सरचा जोडही घेतो. हेडला जिथं तो बसतो तिथं पॅकिंग नीट नसेल तर फटफट होते आणि बाजूला काळी काजळी धरते. ते पाच मिनिटांचं काम. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांत टायमिंग चेन डाव्या अंगाला असते. तिकडून खरखर येत असेल, ॲक्सिलेटर सोडल्यावर वाढत असेल, तर चेन बदलली की जुनीच घातली ते विचार. उजवीकडचा आवाज क्लच दाबल्यावर गेला किंवा बदलला तर तो क्लचकडचा समज.

आता खरं ऐक. गार असताना सिलिंडरातून पोकळ ठकठक येते आणि गरम झाल्यावर कमी होते, तर पिस्टन बोअरमध्ये सैल आहे. लेथवाल्यानं बोअर जास्त कापला असेल, नाहीतर पिस्टन उलटा बसला असेल. पिस्टनच्या डोक्यावर खूण असते, ती कुठल्या बाजूला ठेवली एवढं विचार. आणि खालून, क्रँककेसमधून, जड ठोका येत असेल, चढाला किंवा डबलसीट नेताना वाढत असेल, तर गाडी त्या क्षणी बंद. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय असतो तो. डेअरीला दूध घालायचंय म्हणून अजून दोन दिवस चालवलीस तर रॉडसकट ब्लॉकही जायचा. ते दोन दिवस दादाच्या गाडीवर जा, पण हे नको करूस.

एक गोष्ट मात्र आजच बघ. ऑईल किती आहे ते तर बघच, पण टॅपेटचं झाकण काढून, गाडी हळू चालू ठेवून ऑईल वरपर्यंत येतंय का तेही बघ. पॅकिंग लावताना गरजेपेक्षा जास्त बाँड लावला तर तो ऑईलच्या बारीक वाटेत जाऊन बसतो. वर कोरडं दिसलं तर लगेच बंद कर, बाकी सगळं नंतर.



मिस्त्रीकडं जाताना तावातावानं जाऊ नकोस. “दादा, गार असताना येतो, गरम झाल्यावर जातो, वर नाही मधे येतो,” एवढं सांग. जुना पिस्टन, रिंगा, पॅकिंग मागून घे आणि नव्या पिस्टनच्या डब्यावरचा साइज बघून ठेव. पहिलं ऑईल लवकर बदलून घे आणि ते पांढऱ्या फडक्यातनं गाळून बघ. चमकणारी बारीक भुकटी चालते, पण पापुद्रे दिसले तर मला फोन कर.



आणि रेकॉर्डिंग पाठवशील तर दोन पाठव, एक गार असतानाचं, एक गरम झाल्यावरचं. फोन सीटवर ठेवू नकोस, सगळी थरथरच ऐकू येते. हातात धर.