हजेरीपट : प्रवेशाचा आणि टिकण्याचा

शाळेचा पट ही केवळ कार्यालयीन नोंद नसते. समाजाने कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, याचा तो दस्तऐवज असतो. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्ही तो तसाच वाचतो.

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे केलेला अर्जही फेटाळण्यात आला. सर्वस्वी सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे १८५८ मध्ये जाहीर झाले. परंतु तेवढ्याने पटावर नावे चढली नाहीत. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. नाव पटावर आले, तरी बसण्याची जागा वेगळीच राहिली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा आदेश दिला, तो याच भेदाच्या निर्मूलनासाठी.

पट वाचण्याची खरी रीत मात्र बाबासाहेबांनी शिकवली. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी १८ मुलेच चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात. म्हणजे पहिलीचा आकडा प्रवेश सांगतो, चौथीचा आकडा न्याय सांगतो.

१ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरीही ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाबरोबर मूल गावाबाहेर पडते आणि हजेरी तुटते. दुसरीकडे, ऐपत असलेले पालक इंग्रजी माध्यमाकडे वळतात व जिल्हा परिषद शाळेचा पट घटतो. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचा विचार राज्यात २०२३ मध्ये पुढे आला. वाडीवस्तीवरील शाळा दूर गेली, तर सर्वांत आधी कोणाचे शिक्षण थांबेल, हे सांगायला नको.

माजी विद्यार्थ्यांनो, आपली मुले आज त्या शाळेत नसतील. पण आपल्यापैकी अनेकांची पहिली अक्षरे तिथलीच आहेत. दर जूनमध्ये आपल्या गावच्या शाळेत जावे, पहिलीत किती आले आणि चार वर्षांपूर्वीच्या पहिलीतले किती उरले, हे विचारावे. गळालेल्या प्रत्येक नावाच्या घरी जावे. बाबासाहेबांच्या त्या हिशेबाचे काम अजून पुरे झालेले नाही.