ओढ्याकाठची बारा वर्षं

पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागून आंबील ओढा वाहतो. कात्रजच्या डोंगरातून येतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेला मिळतो. गेली बारा वर्षं आम्ही काही शेजारी महिन्यातून एका रविवारी या ओढ्यावर श्रमदान करतो. त्यातून जे कळलं, ते लिहितोय.

१. ओढ्याला नाला म्हणू नये
नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला हात धजावतो. एका पावसाळ्यात आम्ही सोसायटीतल्या मुलांना वर डोंगरात नेलं. तिथे पाणी नितळ होतं, दगडाखाली खेकडे होते. "हाच आपल्या मागचा?" असं एका मुलानं तीनदा विचारलं. त्या दिवसापासून आमच्या मुलांच्या तोंडचा नाला हा शब्द गेला.

२. कचरा टाकणाऱ्याला आधी विचारावं
पहिली दोन वर्षं आम्ही नुसतं उचलत होतो. दहा-बारा पोती भरायची, आणि महिन्यानं पुन्हा तेवढीच. कचरा कोण टाकतं ते पाहायला मी एकदा पहाटे पाचला सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन थांबलो. पलीकडच्या वस्तीतली एक बाई पिशवी घेऊन आली. मी रागानंच बोललो. ती म्हणाली, "दादा, मी सव्वासहाला कामाला निघते. कचऱ्याची गाडी येते नऊला. दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर हा घाण वास घेऊन पोरांनी बसायचं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओढ्यावर दंडाची पाटी होती, ती वाचायला त्या बाईला सवड तरी कुठे होती! आम्ही आमच्या कचरावेचक ताईंशी बोललो. त्या बाईच्या गल्लीत आधी, सहाच्या आत जायला त्या तयार झाल्या. घरटी पैसे ठरले. चौदा घरांपैकी अकरा घरांचा कचरा ओढ्यात पडायचा थांबला. बारा वर्षांत इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. निर्माल्यसुद्धा कचराच असतं
हे लिहिताना मन जड होतं. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतरचं निर्माल्य मी स्वतः पिशवीसकट पुलावरून मुठेत सोडलं होतं, हात जोडून. पुढे श्रमदानात तशाच गाठ मारलेल्या पिशव्या चिखलातून ओढून काढल्या. आतली फुलं काळी पडून सडलेली, हाराचा नायलॉनचा दोरा आणि जरी मात्र जशीच्या तशी. आणि नुसती फुलंही निरुपद्रवी नसतात. संथ पाण्यात ढिगानं कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आता आमच्या आवारात निर्माल्याचा वेगळा खड्डा आहे. त्या खताची तुळस दारोदार आहे. वडिलांना हे अधिक आवडलं असतं.

४. तळणीचं तेल मोरीत ओतू नये
तेल थिजतं, पाइपला आतून थर धरतो, चेंबर तुंबतं आणि मैलापाणी सरळ ओढ्यात उतरतं. उरलेलं तेल बाटलीत साठवा किंवा जुन्या कागदात टिपून ओल्या कचऱ्यात द्या.

५. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा
ही पुण्यातल्या कचरावेचकांची मागणी आहे. ठिपका पाहिला की त्यांना पुडी उघडावी लागत नाही. ज्या घरात हे बोललं जात नाही, तिथलं पॅड संडासात किंवा ओढ्यात जातं. पुरुषांनीही घरात यावर बोलावं.

६. अडलेलं पाणी घरात शिरतं
२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. पाऊस अफाट होता, हे खरं. पण काठावर टाकलेल्या राडारोड्यानं पात्र आकसलेलं होतं आणि मोऱ्यांच्या तोंडाशी गाद्या, फांद्या, पिशव्यांचे गठ्ठे अडकले होते. भिंती पडल्या, वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, माणसं गेली. सकाळी चिखलात जे सापडलं, त्यात आम्ही कधी तरी उचलायचं राहू दिलेलं किती होतं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. कचरा अडवायला आम्ही ओढ्यात एक जाळी लावली होती. पावसात अशी जाळीही पाणी अडवते, म्हणून आता ती मे महिन्यात काढून ठेवतो आणि पावसाळा सरल्यावरच परत लावतो. जाळी लावणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं.

७. आपल्या ओढ्याचं पाणी कुठे जातं ते माहीत असावं
आंबील ओढ्याचं पाणी मुठेत, मुठा संगमावर मुळेला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला आणि भीमा उजनी धरणात. उजनीचं पाणी सोलापूर पितं. पुढे हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आमच्या शेजारच्या आजी दर आषाढीला वारीला जातात आणि तांब्यातून तीर्थ आणतात. मागच्या वर्षी ते हातावर घेताना मला आमची मागची भिंत आठवली.

तुमच्या घरामागच्या ओढ्याचं नाव आज कुणा जुन्या माणसाला विचारा. उद्या कचरावेचक ताईंना त्यांची वेळ विचारा, आणि ओला-सुका वेगळा करून त्यांच्या हातात द्या.