पुण्याहून लेहपर्यंत : मोटारसायकलचे टायर कसे निवडावे ?

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. आज तें स्कूटर व मोटारसायकली यांचें शहर झालें आहे. दरवर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीस हिमालयांतील घाट बर्फांतून मोकळे झाले, कीं येथील कित्येक तरुण गाडीवर सामान बांधून लेहच्या वाटेस लागतात. तुमच्यांपैकीं कोणाचा थोरला भाऊ, कोणाची बहीण, कोणाचे काका असे जाऊन आले असतील. आणि ते परत येईपर्यंत घरांत आईचा जीव कसा टांगणीस लागलेला असतो, हेंही तुम्हीं पाहिलें असेल. अशा प्रवासाच्या तयारींत जाकीट, हेल्मेट व कॅमेरा यांची चर्चा घरोघर होते. परंतु ज्या वस्तूवर सर्व भार असतो, त्या टायरांची निवड बहुधा दुकानांतील नक्षी पाहून किंवा मित्राच्या गाडीस काय आहे तें पाहून केली जाते. म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. यांत जें गणित आहे, तें आठवी-नववीच्या मुलांस सहज करतां येण्याजोगें आहे.

प्रथम टायर काय करतो तें पाहूं. हवा भरलेल्या टायराचें पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश इंजिनियरानें १८४५ सालीं घेतलें होतें. परंतु त्या वेळीं त्याचा प्रसार झाला नाहीं. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकीस असे टायर बसविले, आणि तेथून ही कल्पना जगभर पसरली. तिचें मर्म असें, कीं भार उचलण्याचें मुख्य काम रबराचें नसून आंत कोंडलेल्या हवेचें असतें. रबर व त्यांतील धाग्यांचे थर त्या हवेस आवरून धरतात.

आतां एक लहानसा हिशेब करूं. समजा, गाडी २०० किलो, स्वार ७५ किलो व सामान २५ किलो, मिळून वजन ३०० किलो झालें, आणि त्यांपैकीं १८० किलो मागील चाकावर आलें. १८० किलो म्हणजे सुमारें ४०० पौंड. टायरांतील हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड असेल, तर ४०० ला ३२ नें भागून साडेबारा चौरस इंच येतात. म्हणजे ढोबळ मानानें एका तळहाताएवढीच जागा जमिनीस टेकलेली असते; पुढच्या चाकाची तर याहूनही कमी. गाडी थांबविणें, वळविणें व सांवरणें हीं सर्व कामें या दोन तळहातांएवढ्या जागेवर अवलंबून आहेत. तेव्हां ती जागा कशी असावी, याचा विचार आधीं केलेला बरा.

शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. शहाणा मनुष्य पाया घालण्यापूर्वीं बसून खर्चाचा अंदाज करतो, हें त्याचें सार. टायराच्या बाबतींतही तोच नियम लागू आहे. दुकानांत जाण्यापूर्वीं वही घेऊन बसावें व दोन हिशेब मांडावे : एक वाटेचा व दुसरा ओझ्याचा.

वाटेचा हिशेब असा. पुण्याहून अहमदाबाद, जयपूर, चंडीगड व मनाली या मार्गानें लेह सुमारें २,५०० किलोमीटर पडतें. मनालीपर्यंतचा बहुतेक रस्ता डांबरी आहे. २०२० सालीं अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा घाटही टाळतां येतो. पुढें बारालाचा ला व सुमारें १७,५०० फूट उंचीचा टांगलांग ला हे घाट आहेत. त्या भागांत डांबरी रस्ता असला, तरी बर्फ, दरडी व ओढे यांमुळें तो मधूनमधून उखडलेला असतो. समजा, आसपासचीं खोरीं पाहून परत येईपर्यंत एकंदर ५,५०० किलोमीटर प्रवास झाला व त्यांत खडी, चिखल, वाळू व पाणी यांचा भाग ५०० किलोमीटर भरला. म्हणजे अकरा भागांपैकीं दहा भाग डांबर व एकच भाग खडतर !

आतां टायरांचे प्रकार पाहूं. ढोबळ मानानें ते तीन आहेत. पहिला रस्त्याचा टायर : याची नक्षी उथळ असून पुष्कळ रबर जमिनीस लागतें, डांबरावर, विशेषतः ओल्या डांबरावर, तो उत्तम धरतो, पण चिखलांत त्याच्या खांचा भरून जातात व तो घसरूं लागतो. दुसरा ठोकळेदार टायर : याचे उंच व सुटे ठोकळे माती व खडी यांत रुतून पकड घेतात, आणि त्यांमधील रुंद जागेंतून चिखल बाहेर फेकला जातो. परंतु हेच ठोकळे डांबरावर वांकतात, जमिनीस लागणारें रबर कमी पडतें, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यास गाडी अधिक अंतरावर थांबते, आणि तापलेल्या डांबरावर त्यांची झीजही फार लौकर होते. तिसरा दुहेरी उपयोगाचा टायर : मध्यभागीं ठोकळे जवळजवळ, कडेस थोडे विरळ, व खांचा मध्यम खोल. तो दोन्ही ठिकाणीं सर्वोत्तम नसतो. पण दोन्ही ठिकाणीं कामास येतो.

दुकानांत सर्वांत मर्दानी दिसतो तो ठोकळेदार टायर, व तरुण मन त्याकडेच ओढ घेतें. परंतु वर मांडलेला हिशेब काय सांगतो ? पुण्याहून निघालेला असा टायर गुजरात व राजस्थान येथील तप्त महामार्गावर दोन हजार किलोमीटर घांसला जाईल, आणि जेथें ठोकळ्यांची खरी गरज, त्या हिमालयांत पोंचेपर्यंत मधोमध झिजून सपाट झालेला असेल. ज्या गुणासाठीं पैसे मोजले, तो गुण वाटेंतच खर्च होईल. म्हणून पुण्याहून गाडी चालवीत लेहला जाऊन परत येणाऱ्यास दुहेरी उपयोगाचा, आणि त्यांतही डांबराकडे झुकणारा टायर योग्य होय. पण कोणी गाडी रेल्वेनें चंडीगडला पाठवून तेथून स्पितीच्या खोऱ्यांत गेला, तर उत्तर बदलेल. काझाहून कुंझुम ला उतरून ग्रांफूकडे येणारी वाट खडक व ओढे यांनीं भरलेली आहे, आणि अशा प्रवासांत खडतर भाग एकतृतीयांशहि भरूं शकेल. तेथें अधिक खोल ठोकळे शोभतील. तात्पर्य, उत्तम टायर म्हणून स्वतंत्र वस्तु नाहीं. अमुक वाटेस उत्तम, एवढेंच म्हणतां येतें.

दुसरा हिशेब ओझ्याचा. याकरितां टायराच्या बाजूवरील अक्षरें वाचतां आलीं पाहिजेत. उदाहरणार्थ, १२०/९०-१७ ६४ एस असें लिहिलें असेल, तर टायराची रुंदी १२० मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ९०, म्हणजे १०८ मिलिमीटर, व रिमचा व्यास १७ इंच. पुढील ६४ हा भाराचा सांकेतिक आंकडा असून त्याचा अर्थ २८० किलो. आणि एस या अक्षराचा अर्थ ताशीं १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. हाच भाराचा आंकडा ५६ असता, तर मर्यादा २२४ किलो झाली असती. आतां मागें जोडीदार बसला व सामान वाढलें, तर मागील चाकावर २४० किलो येणें अशक्य नाहीं. पहिला टायर तो भार सोशील. दुसरा सोसणार नाहीं. नक्षी दोहोंची सारखी असली, तरी दरीच्या कडेस फरक या एका आंकड्याचा पडतो. म्हणून गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें माप व भाराचा आंकडा यांहून कमी कधींही घेऊं नये. आणि रुंद टायर रुबाबदार दिसतो म्हणून माप बदलूंही नये.

चाकाच्या व्यासाचाही येथें संबंध आहे. रॉयल एनफील्ड कंपनीनें २०१६ सालीं काढलेल्या हिमालयन गाडीचें पुढचें चाक २१ इंची होतें, तर चाकणच्या कारखान्यांत तयार होऊं लागलेल्या २०२० सालच्या के. टी. एम. ३९० ॲडव्हेंचर गाडीचें १९ इंची. मोठें चाक धोंड्यावर कमी धक्क्यानें चढतें. लहान चाक रस्त्यावर अधिक चपळपणें वळतें. लहान मुलाची सायकल व मोठी सायकल एकाच दगडावरून नेऊन पाहिल्यास हें तत्त्व ध्यानांत येईल.

टायर विकत घेतांना आणखी तीन गोष्टी पाहाव्या. आय. एस. आय. चें चिन्ह आहे किंवा नाहीं, ही पहिली. दुसरी जन्मतारीख : बाजूवर चार आंकडे असतात, त्यांपैकीं पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन साल दाखवितात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानांत पडून राहिलेलें रबर न वापरतांही कठीण होतें व त्यास भेगा पडतात. म्हणून स्वस्त मिळाला तरी जुना टायर लांबच्या प्रवासास घेऊं नये. तिसरी गोष्ट बाणाची : फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असल्यास टायर त्याच दिशेनें बसविला पाहिजे. जुनाच टायर ठेवावयाचा असेल, तर खांचांची खोली मोजावी. दुचाकीसाठीं ०.८ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे. पण ती किमान होय, हिमालयास पुरेशी नव्हे. गोटा झालेला टायर घेऊन घाटांत जाणें म्हणजे तेलकट जोडे घालून कडा चढण्यासारखें आहे.

आतां हवेविषयीं. उंचावर गेल्यावर टायर फुगून फुटतो, असा पुष्कळांचा समज आहे. शाळेंत शिकलेलें पदार्थविज्ञान येथें लावून पाहूं. पुण्यास बाहेरील हवेचा दाब दर चौरस इंचास सुमारें पावणेचौदा पौंड आहे. टांगलांग ला येथें तो सुमारें साडेसात. पुण्यांत ३५ अंश सेल्सियस उष्णता असतां गेजवर ३० पौंड हवा भरली, तर आंतील एकंदर दाब पावणेचव्वेचाळीस पौंड झाला. घाटावर पहाटे पारा शून्यावर आला, तर थंडीनें तो दाब उतरून पावणेएकोणचाळीसच्या आसपास येतो. त्यांतून बाहेरचे साडेसात वजा केले, कीं गेजवर सुमारें सव्वाएकतीस दिसतात. बाहेरचा दाब कमी झाल्यानें जें वाढतें, तें थंडीनें बहुतेक घटतें. फरक अवघा सव्वा पौंडाचा. म्हणून भीतीनें हवा सोडूं नये. रोज सकाळीं चाकें थंड असतां गेज लावून पाहावें व पुस्तकांत सांगितलेला दाब ठेवावा. खोल वाळूंत मात्र थोडी हवा कमी केल्यानें लाभ होतो. वरच्याच उदाहरणांत दाब २० पौंड केला, तर टेकणारी जागा साडेबाराची वीस चौरस इंच होते व चाक कमी रुततें. पण वाळू संपतांच हवा पुन्हां भरलीच पाहिजे, नाहीं तर दगडावर आपटून रिम वांकते किंवा ट्यूब चिमटली जाते. ज्याच्याजवळ पंप नाहीं, त्यानें हवा सोडण्याच्या भानगडींत पडूं नये.

पंक्चरची तयारी घरींच करावी. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. तेव्हां चाक काढणें, टायर उचकटणें व ट्यूब बदलणें हें आपल्या पेठेंतील पंक्चरवाल्याजवळ दोन दिवस बसून स्वतःच्या हातांनीं शिकावें. ट्यूबलेस टायराचें भोंक बाहेरूनच रबराची वात घालून बुजवितां येतें. पण रिमच वांकली, तर हवा निसटते. दोन्हींत गुण आहेत व दोन्हींत दोष आहेत. कोणतेंही असो, त्याची दुरुस्ती स्वारास आली पाहिजे, कारण त्या पठारांवर मदत येईपर्यंत दिवस मावळूं शकतो.

नवीन टायर निघण्याच्या आदल्या दिवशीं बसवूं नयेत. त्यांचा पृष्ठभाग आरंभीं गुळगुळीत असतो. पहिले दीडदोनशें किलोमीटर सावकाश चालवून तो खरबरीत होऊं द्यावा. म्हणून दोनतीन आठवडे आधीं टायर बसवून, जेवढें सामान न्यावयाचें तेवढेंच गाडीवर बांधून, ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरून चढावा व पानशेतच्या बाजूस एखाद्या कच्च्या वाटेवर जाऊन पाहावें. जो दोष घरापासून पन्नास किलोमीटरांवर कळतो, तो स्वस्तांत सुटतो.

पालकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. मुलानें किंवा मुलीनें जाण्याची परवानगी मागितली, तर नुसती नाहीं म्हणून मोडता घालूं नये, व डोळे मिटून होहि म्हणूं नये. त्यांस तीन प्रश्न विचारावे : एकंदर वाट किती व त्यांत खडतर किती ? मागील चाकावर ओझें किती व टायर सोसतो किती ? चाक पंक्चर झालें, तर तुझ्या हातानें दुरुस्त होईल काय ? ज्यानें या तिहींचीं उत्तरें वहींत मांडून दाखविलीं, त्याची अर्धी काळजी मिटली असें समजावें. ज्यास हीं उत्तरें येत नाहींत, त्यानें एक वर्ष थांबावें; हिमालय कोठें जात नाहीं.

आणि तुम्ही विद्यार्थी ? गियरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना अठरा वर्षांपूर्वीं मिळत नाहीं. पण हिशेब करण्यास कोणत्याही परवान्याची गरज नाहीं. ज्या पुण्यांत वाहनांची परीक्षा करणारी ए. आर. ए. आय. ही संस्था १९६६ पासून काम करीत आहे, व ज्याच्या शेजारच्या चाकणहून मोटारसायकली देशोदेशीं जातात, त्या पुण्यांतील मुलांस टायरावरचीं अक्षरें वाचतां येऊं नयेत, हें शोभत नाहीं. थोरल्या भावाच्या प्रवासाचा हिशेब तुम्हीं मांडून द्या. आणि तो प्रवास दूर असेल, तर आजच सायंकाळीं वडिलांच्या स्कूटरजवळ बसून तीन गोष्टी पाहा : खांच किती उरली, चार आंकड्यांची तारीख कोणती, व हवा किती आहे. लेहच्या घाटांत जो नियम, तोच लक्ष्मी रस्त्यावर. आणि त्या स्कूटरवर मागें बहुधा तुम्हीच बसलेले असतां.