धातूस छिद्र पाडण्याचे ड्रिल कसे निवडावे?

ऐन वाफशावर नांगराच्या फाळाचा बोल्ट तुटावा, नवे छिद्र पाडावयास जावे, आणि ड्रिल लोखंडावर नुसते गरगर फिरून निळे पडावे, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसून ड्रिलच्या निवडीचा असतो. आम्हीही एकदा भिंतीचे ड्रिल फाळावर चालवून अर्धा दिवस व्यर्थ घालविला आहे. भिंतीचे ड्रिल ठोक्यांनी दगडविटा फोडण्यासाठी असते. त्याची धार बोथट असल्यामुळे धातू कापला न जाता केवळ घासला जातो.

धातूसाठी पिळाचे ड्रिल हवे. अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. ते विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट पोलादाची. नरम पोलाद, बीड व पितळ यांस हायस्पीड पोलादाचे ड्रिल पुरते. कठीण पोलादास कोबाल्टमिश्रित घ्यावे.

दुसरी टोकाच्या कोनाची. सामान्य कामास ११८ अंश योग्य; कठीण धातूस १३५ अंशांचे, मध्यभागी चिरलेल्या टोकाचे ड्रिल घ्यावे. ते जागेवरून घसरत नाही.

तिसरी धारेमागील उताराची. तो ८ ते १२ अंश असावा. कमी असल्यास धारेमागचा भाग घासतो. फाजील असल्यास धार तुटते. पितळेत ड्रिल एकाएकी ओढले जाते, म्हणून त्यासाठी धारेचा पुढील भाग सहाणेवर किंचित सपाट करावा.

वेगही धातूप्रमाणे ठेवावा. नरम पोलादात ६ मिलिमीटरचे ड्रिल मिनिटास सुमारे १,३०० फेरे, तर १२ मिलिमीटरचे सुमारे ६५० फेरे घेईल असे चालवावे. कठीण पोलादास वेग याहून पुष्कळ कमी व दाब अधिक हवा. पोलादावर तेल सोडावे. बीड मात्र कोरडेच कापावे.

ड्रिलच्या टोकाचा मध्यभाग कापीत नाही, धातू चेपतो. म्हणून मोठ्या छिद्रापूर्वी लहान छिद्र पाडावे. आरंभी पंचाने खूण करावी, वस्तू शेगड्यात घट्ट आवळावी, डोळ्यांवर चष्मा असावा व हातमोजे घालू नयेत.

निवड साधली की नाही, हे कीस सांगतो. नरम पोलादाचा कीस दोन्ही पन्हळींतून सारखा वळत यावा. बिडाचा भुगा पडावा. एकाच बाजूने कीस आल्यास धारा विषम आहेत असे समजावे. अशा ड्रिलने छिद्र मोठे पडते, बोल्ट सैल बसतो आणि औत पुन्हा शेतातच मोडते.

चांगल्या ड्रिलचे दाम एकदाच द्यावे लागते. गेलेला वाफसा मात्र दाम देऊनही परत मिळत नाही. म्हणून हंगामापूर्वीच आपली हत्यारे तपासावीत, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे.