परसबागेत फुलपाखरांचे स्वागत

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे गाव मल्हारराव होळकर यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ओळखले जाते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येथे होणाऱ्या हिंगोट युद्धामुळे त्याची ख्याती दूरवर पोहोचली आहे. हिंगणबेटाची वाळलेली फळे पोखरून व त्यांत दारू भरून ती परस्परांवर फेकण्याचा हा खेळ पाहावयास पंचक्रोशीतील लोक लोटतात. याच दिवसांत गावातील परसांतून आणखी एक, परंतु अगदी निःशब्द सोहळा चालू असतो. पावसाळा सरलेला असतो, ऊन कोवळे झालेले असते, झेंडू बहरलेला असतो आणि त्यावर फुलपाखरे उतरत असतात.

हा सोहळा प्रत्येक परसात मात्र दिसत नाही. हौसेने फुलझाडे लावली, वेळेवर पाणी घातले, तरी फुलपाखरे चार दिवस येतात आणि दिसेनाशी होतात, असा अनुभव अनेकांना येतो. याचे कारण बहुधा फुलांत नसून पानांत असते.

दोन प्रकारच्या वनस्पती

फुलपाखराच्या आयुष्याच्या अंडी, अळी, कोष आणि पंखधारी कीटक अशा चार अवस्था असतात. यांपैकी केवळ शेवटच्या अवस्थेत त्याला फुलांतील मध लागतो. अळीचे अन्न म्हणजे पाने, आणि तीही कोणत्याही झाडाची चालत नाहीत. प्रत्येक जातीच्या अळीच्या वनस्पती ठरलेल्या असतात. मादी पानावर बसून पायांनी त्याची चव घेते आणि योग्य झाड असल्याची खात्री पटल्यावरच अंडे घालते. तेव्हा ज्या बागेत केवळ फुले आहेत, ती फुलपाखरांची खाणावळ होय, घर नव्हे. घर व्हावयाचे असेल, तर तेथे मधाची आणि पानांची अशा दोन्ही प्रकारच्या वनस्पती हव्यात.

सुदैवाने यांपैकी कितीतरी वनस्पती मराठी घरांच्या परसात पूर्वापार आहेत. लिंबू आणि बेल यांवर ‘लाइम’ हे काळे-पिवळे फुलपाखरू अंडी घालते. कढीपत्त्यावर ‘कॉमन मॉरमॉन’ वाढते. रुई आणि हळदीकुंकू या चिकाच्या झाडांवर ‘प्लेन टायगर’ हे नारिंगी फुलपाखरू येते. कण्हेरीवर ‘कॉमन क्रो’, एरंडावर ‘कॉमन कॅस्टर’, बहाव्यावर फिकट पिवळसर ‘एमिग्रंट’, तर हिरवा अशोक आणि सीताफळ यांवर हिरव्या ठिपक्यांचे ‘टेल्ड जे’ वाढते. ज्यांना आपण तण म्हणून उपटून टाकतो, त्या आंबुशीवर आणि घोळीवरही काही जातींचा संसार चालतो. बागेचा एखादा कोपरा न खुरपता ठेवणे, हेही म्हणूनच फुलपाखरांचे स्वागतच ठरते.

लिंबावरील अळीचा प्रश्न

खरी कसोटी येथेच लागते. पावसाळ्यात लिंबाच्या कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या लहान अळ्या आढळतात. मोठ्या झाल्यावर त्या हिरव्या होतात आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेला तांबूस अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. त्या दिसताच गृहस्थ कीटकनाशकाची बाटली शोधतो. परंतु हीच अळी पुढे ‘लाइम’ फुलपाखरू होणार असते. उष्ण दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंतचा हा प्रवास सुमारे एका महिन्यात पुरा होतो. सकाळी अळीवर औषध फवारावे आणि सायंकाळी झेंडूपाशी फुलपाखरांची वाट पाहावी, या दोन गोष्टी एकत्र संभवत नाहीत.

येथे तारतम्य मात्र हवे. एक-दोन वर्षांच्या लिंबाच्या रोपाची सर्व पाने खाल्ली गेल्यास त्याची वाढ खुंटते. लिंबू-संत्र्याच्या रोपवाटिकांत ही अळी कीड म्हणूनच गणली जाते, आणि ज्या बागायतदाराचे पोट बागेवर आहे त्याचा विचार वेगळा असणे स्वाभाविक आहे. घरच्या परसातील वाढलेल्या झाडाला मात्र दहा-पाच अळ्यांची झीज सहज सोसते. त्याला पुन्हा पालवी फुटते. रोप लहान असल्यास अळ्या हलक्या हाताने उचलून मोठ्या लिंबावर ठेवाव्यात. शक्य असल्यास कढीपत्त्याचे एक रोप घरासाठी आणि एक अळ्यांसाठी असे लावावे. सर्वच अळ्यांची फुलपाखरे होत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. बुलबुल, गांधीलमाशा व अन्य शत्रू यांच्या तावडीतून थोड्याच वाचतात.

माळव्यातील शेतीत गेल्या काही दशकांत सोयाबीनला मोठे स्थान मिळाले आहे. त्यावरील फवारणीचे दिवस आणि फुलपाखरांच्या वाढीचे दिवस पावसाळ्यात एकत्रच येतात. अशा वेळी गावातील फवारणीमुक्त परस हे त्यांचे आश्रयस्थान ठरू शकते. कडुनिंबाचा अर्क सौम्य समजला जात असला, तरी तोही अळ्यांना बाधतो, हे विसरू नये. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर औषध मारलेले असण्याचा संभव असतो. म्हणून त्याला घरी नवी पालवी फुटू द्यावी.

मधाची फुले

मधासाठी झेंडू, झिनिया, कॉसमॉस, पेंटास, एक्झोरा, सदाफुली आणि जास्वंद या वनस्पती उपयुक्त आहेत. झेंडू व झिनिया यांत एकेरी पाकळ्यांचे वाण निवडावेत. दाट पाकळ्यांच्या फुलांत मधापर्यंत सोंड पोहोचणे कठीण जाते. एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एका जातीची पाच-सहा रोपे एकत्र लावावीत, म्हणजे रंगाचा पुंजका दुरून दिसतो. जागा दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळणारी असावी. फुलपाखराला उडण्यापूर्वी पंख पसरून अंग तापवावे लागते. सावलीतील उत्तम बागही त्यामुळे रिकामी राहते.

झेंडू-झिनियाचे बी पावसाच्या आरंभी टाकले, तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुले मिळू लागतात. कॉसमॉसचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकावे. माळव्याच्या कडक उन्हाळ्यात पाणी दिलेली सदाफुली व एक्झोरा हीच मुख्य शिदोरी ठरते. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे. परंतु अमेरिकेतून आलेले हे झुडूप कुरणे व जंगले व्यापून टाकते आणि गुरांना विषारी ठरते. म्हणून ते नव्याने लावू नये.

फुलांखेरीज फुलपाखरांना क्षारही हवे असतात. विशेषतः नर ओल्या मातीवर जमून ते शोषतात. उथळ परातीत माती व वाळू घालून ती ओलसर ठेवावी. पाणी साचू देऊ नये, नाहीतर डासांची पैदास होईल. अतिपिकलेले केळे कोपऱ्यात ठेवल्यास फुलांकडे क्वचितच फिरकणाऱ्या काही जाती त्याच्या रसासाठी येतात.

सावधगिरी

रुई, कण्हेर आणि एरंड या विषारी वनस्पती आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. लहान मुले व गुरे असलेल्या घरी ही झाडे कुंपणाबाहेर किंवा हात पोहोचणार नाही अशा जागी असावीत. ‘प्लेन टायगर’ची अळी रुईतील विष आपल्या शरीरात साठवते. पक्षी त्यामुळे त्या फुलपाखराला टाळतात. घोळीवर वाढणाऱ्या ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी विषारी नसूनही अगदी तेच रूप धारण करते आणि स्वतःचा बचाव करते. मुलांना निसर्गाचा हा धडा अंगणातच प्रत्यक्ष दाखविता येतो.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. ठाण्यानजीक ओवळे येथील ओवळेकर वाडीत अळ्यांची झाडे आणि मधाची फुले जोडीने लावून फुलपाखरांचे उद्यान उभे राहिले आहे. ‘ब्लू मॉरमॉन’ हे दमट प्रदेशाचे फुलपाखरू असून माळव्याच्या परसात त्याची अपेक्षा करता येणार नाही. परंतु त्याचेही बालपण लिंबाच्या कुळातील झाडांवरच जाते, आणि त्याच कुळातील ‘लाइम’ व ‘कॉमन मॉरमॉन’ गौतमपुऱ्याच्या अंगणात निश्चित येऊ शकतात.

दिवाळीच्या साफसफाईत भिंतीला किंवा वाळक्या काडीला चिकटलेला कोष दिसल्यास तो खरवडू नये. चुन्याचा एक हात तेवढ्या जागी मागाहून फिरविता येईल. पाने थोडी कुरतडलेली असणे हे निगा नसल्याचे लक्षण नव्हे. त्या घरी कोणी वाढत आहे, याची ती खूण होय.